पाला कडू लागला

माझी नात मिताली मुंबईत साप चावल्याचं ओळखणारी पट्टी बनवते. हे मी गावात सगळ्यांना सांगितलेलं आहे, ज्यांनी विचारलं त्यांना आणि ज्यांनी नाही विचारलं त्यांनाही. आमचं गाव सिद्धगडाच्या अंगाला, मुरबाड तालुक्यात. इथली पोरं शिकून फार तर कंपनीत चिकटतात, नाहीतर टेम्पो घेतात. माझी नात कोळशाच्या जातीच्या एका पापुद्र्यावर काम करते आणि त्या पापुद्र्याहून पातळ जगात काही नाही. शेजारच्या धर्माच्या बायकोने मला विचारलं, इतका पातळ, तर मग दिसतो कसा? मी म्हटलं, तुझी अक्कल तरी कुठे दिसते, पण आहे असं धरून आम्ही चालतोच ना.

मितालीने मला ते सगळं ओट्यावर बसून समजावलं होतं. पेन्सिलीच्या शिशात म्हणे थरावर थर असतात. त्यातला एकच थर सोलून काढला की त्याला ग्राफीन म्हणतात. त्या थराला आत असं काही नसतंच, जे काही आहे ते सगळं उघड्यावर. म्हणून त्याच्यावर काही बसलं, अगदी डोळ्याला न दिसणारं, तरी त्याच्यातून जाणारी वीज हलते. मग त्या थरावर मण्यारीचं विष तेवढं पकडणारे कण बसवायचे आणि माणसाच्या बोटातला रक्ताचा थेंब टाकायचा. विष असलं तर वीज हलणार आणि यंत्रावर आकडा चढणार. डॉक्टरला लगेच कळणार की सापाचं इंजेक्शन द्यायचं का नाही.

मी म्हटलं, म्हणजे हा तुझ्या आईसारखा दिसतोय. सगळा उघड्यावर, कुणी नुसतं शिवलं तरी हलणारा.

मिताली हसली नाही. तिची आई आत तांदूळ निवडत होती आणि आमच्या घरात भिंतीला कान नसले तरी दाराला फटी आहेत.

तिची आई म्हणजे माझी सून कमळ. माहेर शहापूरचं. तिचा बाप रामा भगत त्या बाजूला मोठा नावाजलेला माणूस होता. पान लागलं, म्हणजे साप चावला, की लांबलांबहून लोक त्याच्या दारात यायचे. त्याच्या अंगणात कडुलिंबाचं झाड होतं. त्याचा पाला तो चावायला द्यायचा. पाला गोड लागला किंवा चवच लागली नाही तर विष चढलं, मग मंत्र, मुळी, काय काय ते चालायचं. पाला कडू लागला तर विष नाही, जा घरी, झोप. हे आमच्याकडेही सगळे करायचे, पण रामाच्या पाल्याची बात वेगळी, असं लोक मानायचे. कमळ त्याच अंगणात वाढली. मी तिला करून आणली तेव्हा माझ्या जावेने मला सांगितलं होतं, आता तुझ्या घराला सापाची भीती नाय.

माझा नातू ओमकार अकरावीत होता तेव्हा गेला. मिताली त्या वेळी कल्याणला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. श्रावण होता. मी घरी नव्हते, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मी कल्याणला भाचीकडे पट्टी बांधून पडले होते. ओमकार खाली चटईवर झोपायचा. पहाटे उठून आईला म्हणाला, पोटात दुखतंय आणि झोपेत काहीतरी अंगावरून गेल्यासारखं वाटलं. कमळने कंदील धरून त्याचं सगळं अंग बघितलं. कुठे खूण नाही, सूज नाही. मग तिने मागच्या दारचा कडुलिंबाचा पाला आणला आणि त्याला चावायला लावला. तो थू थू करत म्हणाला, कडू आहे. तिने वर मिरचीही दिली. ती तिखट लागली. मग तिने ओवा आणि गरम पाणी देऊन त्याला पुन्हा झोपवलं. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या उचलेनात. तिला वाटलं, झोप चढलीय. उजाडल्यावर तो पाणी गिळेना, तेव्हा माझा मुलगा गणू त्याला टेम्पोत घालून मुरबाडला निघाला. वाटेतच संपला.

डॉक्टर म्हणाले, लक्षणं मण्यारीची दिसतात, पण दाताची खूण सापडत नाही. मण्यारीचे दात इतके बारीक की खूण सापडत नाही, असंही ते म्हणाले. कमळने त्यातलं खूण सापडत नाही एवढंच ऐकलं. तिच्या मनाने एक धरलं ते धरलं. साप नव्हता. मी पाला दिला होता, त्याला कडू लागला. पोराला आतून दुसरंच काहीतरी झालं होतं.

तिला कुणी खोडून काढलं नाही. मी सुद्धा नाही, आणि मी कुणाला खोडून न काढता सोडते अशी माझी ख्याती नाही. एका बाईला उभं राहायला एवढीच जागा उरली होती. ती कुणी काढून घ्यावी? तेराव्याला बायका बोलायच्या ते मात्र वेगळं. वत्सलाबाय घरी असती तर पोर वाचलं असतं, असं त्या माझं नाव घेऊन कमळच्या देखत बोलल्या आणि नंतर कितीतरी वर्षं बोलत राहिल्या. कमळ त्यांना चहा द्यायची.

मिताली मात्र त्या श्रावणापासून दुसऱ्याच वाटेला लागली. तिला बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या. त्या तिने सोडल्या. पुढे शिकली, मुंबईच्या मोठ्या संस्थेत गेली आणि मण्यारीच्या विषामागे लागली. का लागली ते तिने कधी आईला सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. माझ्या घरात दोन बाया एकाच पोरासाठी झुरत होत्या आणि दोघींचं म्हणणं एकमेकींच्या उलट होतं. एकीला साप नको होता, दुसरीला सापच हवा होता. मी दोघींच्या मध्ये बसून भाकऱ्या थापत होते आणि इकडचं तिकडे जाऊ देत नव्हते. मला वाटायचं, माझ्या डोळ्यांदेखत या दोघी तुटू नयेत, बाकी मला काही नको.

यंदा भादव्यात मिताली गावात आली ती रक्त गोळा करायला. तिची पट्टी प्रयोगशाळेतल्या पाण्यात बरोबर बोलायची, पण माणसाच्या रक्तात घातली की मुकी व्हायची. रक्तात म्हणे खार असतो आणि आणखी शंभर गोष्टी असतात. दुधावर साय धरावी तशा त्या सगळ्या पापुद्र्यावर जाऊन बसतात, विषाला जागाच राहत नाही. म्हणून ज्यांना साप चावलेला नाही अशांचं पुष्कळ रक्त लागतं. निरोगी रक्त कसं दिसतं ते पट्टीला आधी शिकवायचं, मग विषाचं. तिने सगळ्या परवानग्या आणल्या होत्या. आमच्या उपकेंद्रातली सिस्टर संघरत्ना सुया टोचायला होती. हात हलका, पण तोंडाने माझ्याहून तिखट, म्हणून मला ती आवडते.

पहिलं रक्त मी दिलं. संघरत्ना म्हणाली, आजी, तुमच्या रक्ताने पट्टी जळेल. मी म्हटलं, मग कळेल तरी चालते का नाही. धर्माने विचारलं की रात्री घेतलेली यात दिसेल का. मिताली म्हणाली, नाही, काका, हिला ते कळत नाही. त्यावर त्याची बायको म्हणाली, मग काय उपयोगाची. सगळे हसत होते. माझ्या नातीला मी इतक्या दिवसांनी हसताना बघितलं आणि मला वाटलं, आजचा दिवस बरा जाणार.

कमळ घरी थांबली होती. पण पोरगी एवढी शिकून गावात आलीय, तिच्या माणसांना चहा न पाजणं तिच्या जिवाला लागलं असावं. ती किटली घेऊन उपकेंद्रात आली. सगळ्यांना कप दिले. मितालीने हात धरून तिला बाकावर बसवलं आणि म्हणाली, आई, एकच थेंब. कमळ उठली. मितालीने पुन्हा बसवलं. कमळने मान हलवली, कुणाकडे बघितलं नाही. एवढ्यावर सोडायला हवं होतं. मी डोळ्याने खुणावलं. पण मिताली मान खाली घालून हातमोजे सारखे करत होती.

“ओमकारसाठी दे, आई,” ती म्हणाली.

कमळ शांतपणे म्हणाली, “माझ्या ओमकारला साप नव्हता चावला. मी पाला दिला होता त्याला. कडू लागला.”

धर्मा चपला शोधायला लागला. आमच्या गावात हे वाक्य निघालं की सगळे खाली बघतात, ही आमची रीतच झाली होती. मितालीने खाली बघितलं नाही. ती आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं, रागात बोलली असं म्हणून कमळने ते सोडून दिलं असतं. ती मुंबईला पडद्यावर चित्रं दाखवून सांगते तशी सांगायला लागली.

“आई, मण्यारीच्या विषाने जिभेची चव जात नाय. पाला कडूच लागतो. माणूस जाईपर्यंत कडूच लागतो.”

कमळने किटली खाली ठेवली.

“म्हणजे कुणालाच गोड लागत नाय?”

“नाय.”

“बाबा द्यायचे त्यांना?”

त्या क्षणी मितालीला कळलं की आपण काय केलं. तिने फक्त भावाचं सांगितलं होतं. तिची आई तिच्याही पुढे गेली होती. रामाच्या अंगणातून कडू लागलं म्हणून घरी पाठवलेली माणसं, बायका, पोरं, कितीतरी वर्षांची, ती सगळी कमळच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असणार. ती लहानपणी त्यांना पाण्याचा तांब्या द्यायची. घरी जाऊन कोण उठलं आणि कोण उठलं नाही, ते तिथे कधी कुणी विचारलं नव्हतं. मेलेल्याचे लोक भगताकडे परत येत नाहीत.

राहिलेल्या माणसांना चहा देऊन कमळ घरी गेली. रात्री तिने सगळ्यांना वाढलं. मितालीला जास्तीचं तूपही वाढलं. सकाळी एका पिशवीत दोन लुगडी भरली आणि शहापूरची एसटी धरली.

मिताली रडत मुंबईला गेली. गणूचं म्हणणं, येईल. आमच्या घरातल्या पुरुषांकडे सगळ्या दुखण्यांवर हा एकच शब्द आहे. मी त्याला पाठवला. तो गेला, मेहुण्याकडे जेवला आणि एकटाच परत आला. म्हणाला, ती येत नाय म्हणते.

मुलाच्या सासुरवाडीला बोलावल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, ही माझ्या सासूची रीत आणि माझीही. कमळच्या बापाच्या मयतालाही मी निरोपाची वाट बघितली होती. पण नवरात्र बसायला आलं, घट घालायला घरात सून नाही. मी लुगडं बदललं आणि निघाले.

कमळचा भाऊ सावळाराम शहापुरात बाजाराच्या मागे राहतो. सायकलीचं दुकान आहे, शिवाय बापाचा पालाही चालवतो. मला दारात बघून तो चकित झाला, पण त्याहून जास्त त्याला आनंद झाला. मावशी, बरं झालं तुमी आलात, म्हणाला, आता हिला घेऊनच जा. मग त्याने बसायला पाट देऊन सगळी तक्रार माझ्यापुढे ओतली. कमळ आल्यापासून अंगणात बसते. कुणी पान लागलेलं माणूस घेऊन आलं की झाडाखाली आडवी उभी राहते, पाला तोडू देत नाही. सरकारी दवाखान्यात जा, म्हणते, इथे बसू नका. मागच्या आठवड्यात एक बाई पोरीला घेऊन आली, पोट दुखतंय म्हणत होती. सावळारामने पाला तोडला होता, तो हिने पोरीच्या हातातून हिसकावला आणि दोघींना रिक्षात कोंबलं. बाजारात लोक हसतात. रामा भगताची मुलगी बापाच्या झाडाला शिव्या देते, म्हणतात. तिची वहिनी तिच्याशी बोलत नाही.

मी विचारलं, त्या पोरीचं पुढे काय झालं?

सावळाराम म्हणाला, काय ठाऊक. सांगायला कुणी आलं नाय.

कमळ मागे भांडी घासत होती. वाळली होती. डोईवरचा पदर तिने मला बघून सारखा केला, पाया पडली आणि पुन्हा भांड्यांशी बसली. मी दगडावर बसले. मी सगळं बोलले, घट, गणूचं खाणं, भात कापणीला आलाय, मजूर मिळत नाहीत. ती ऐकत होती आणि घासत होती. मग तिने विचारलं.

“आई, एक विचारू? खरं सांगाल?”

“मी कधी खोटं सांगितलंय?”

“त्या रात्री तुमी घरी असता तर?”

गावाने इतकी वर्षं माझ्या डोक्यावर एक मुकुट ठेवला होता. वत्सलाबाय असती तर पोर वाचलं असतं. तो मी मागितला नव्हता, पण असला मुकुट कुणी काढून टाकतं का? आणि ही बाई इतकी वर्षं त्याच्याखाली मान वाकवून माझ्या घरात वावरली होती. मी तिच्याकडे बघितलं. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला जितकं दिसायला पाहिजे तितकं मला त्या दिवशी दिसलं.

“मी पण पालाच दिला असता गो,” मी म्हटलं. “आणि तो कडू म्हणाला असता तर तुझ्याआधी मी घोरायला लागले असते.”

कमळने हातातलं पातेलं खाली ठेवलं नाही. घासलेलंच पुन्हा घासत राहिली, राखेचा हात फिरत राहिला, फिरत राहिला. मी तिला थांबवलं नाही. पुष्कळ वेळाने तिने ते विसळलं आणि पालथं घातलं.

मी म्हटलं, आता चल.

ती नाही म्हणाली. माझ्यावर तिचा राग नव्हता, मितालीवरही नव्हता. पोरगी खरं बोलली, असंच ती म्हणाली, फक्त तिच्या तोंडाकडे बघवत नाय. तिथल्या घरात मागच्या दारचं झाड बघवत नाय. आणि इथून ती उठली तर सावळाराम पाला देणारच. लोक बापाच्या नावाने येतात, त्यांना रिकाम्या हाताने पाठवायला त्याला लाज वाटते. कुणीतरी दारात बसायला पाहिजे.

मी विचारलं, असं कुठवर बसणार?

“मितालीची पट्टी होईपर्यंत. मग लोकं इथे येणारच नायत. सरळ दवाखान्यात जातील, बोट टोचतील, कळेल.” तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “होईल ना लवकर? हुशार आहे ती.”

“होईल,” मी म्हटलं.

तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भावाच्या घरात तिचं चालत नव्हतं तरी माझ्यासाठी तिने वहिनीकडून सुकट मागून घेतली, स्वतः भाजली. सावळारामला मी निघताना एवढंच सांगितलं की बहिणीला अंगणात बसू द्यायचं नसेल तर तू आधी माझ्याशी बोल, आणि माझ्याशी बोलायच्या आधी जेवून घे, कारण नंतर तुला अन्न जाणार नाय. तो हसला. मी हसले नाही, तेव्हा तोही थांबला.

शहापूरच्या एसटी स्टँडवर मी मितालीला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला. आई काय बोलली, आई येतेय का, हेच विचारत राहिली. मी सगळं सांगितलं. अंगणात बसते ते, रिक्षात कोंबलेल्या पोरीचं, वहिनीच्या अबोल्याचं. पट्टी होईपर्यंत उठणार नाय म्हणाली तेही सांगितलं.



“आजी,” ती म्हणाली, “गावच्या रक्तात पण नाय बोलली पट्टी. आमी सगळं परत पहिल्यापासून करतोय.”

मी विचारलं, म्हणजे किती दिवस?

“दिवस नाय, आजी. वर्षं. आणि माझ्याच हातून होईल असंही नाय. कुणाच्या तरी हातून होईल.” मग तिने विचारलं, “तू आईला काय सांगितलंस?”

“होईल म्हणून सांगितलं.”

ती रडायला लागली. आईला तोडलं ते ज्याच्या जिवावर, ते अजून झालेलंच नाय, असं काहीतरी ती रडता रडता बोलत होती. निम्मं मला कळलं नाही. मला बोलायला शब्द कमी पडतात असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, पण त्या वेळी मला एकच सुचलं.

“मग रडून झालं की हात धू आणि कामाला बस. तुझ्या पट्टीच्या जागी तुझी आई बसलीय तिथे.”

मुरबाडची गाडी लागली. माणसं दाराशी लोटली. पोरगी अजून रडत होती, मी तिला गप्प बस म्हटलं नाही आणि फोनही ठेवला नाही. तो तसाच कानाशी धरून, एका हाताने दांडी पकडून चढले.